शिक्षक घडवावा लागतो

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त तिरुवैयारु येथे भरलेल्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



आज सकाळी आपण तंजावूरला बृहदीश्वराच्या देवळातील भोसले वंशाचा मराठी शिलालेख पाहिला, सरस्वती महाल ग्रंथालयात सरफोजीराजांनी जमविलेल्या ग्रंथांचे दर्शन घेतले, आणि आता दहाबारा किलोमीटर उत्तरेस, कावेरीच्या काठी, पाच नद्यांचे नाव धारण करणाऱ्या या पंचनद क्षेत्री येऊन बसलो आहोत. जेवणे नुकतीच झाली आहेत, नदीवरून वारा येतो आहे. अशा वेळी भाषण ठेवणे हा श्रोत्यांवर अन्याय होय, हे आम्ही जाणतो. तथापि ‘शिक्षक कसा तयार होतो आणि आपल्या मुलांनी या पेशात का जावे’ या विषयावर बोलण्याची कार्यकारिणीची आज्ञा झाली, आणि ती मोडण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही.

आमचा या विषयातला अधिकार काय, असे कोणी विचारील तर त्याचे उत्तर सोपे आहे. अधिकार काही नाही. आमची पदवी साधी बी. ए.ची. केंद्र सरकारच्या हिशेबतपासणीच्या खात्यात तीस वर्षे काढली, आणि शिक्षणशास्त्राच्या वाटेस कधी गेलो नाही. परंतु या विषयात आमच्या हातून एक अपयश घडले आहे, आणि आमच्या घरात एक वाद झाला आहे. त्या दोहोंच्या बळावर आम्ही आज उभे आहोत.

प्रथम अपयशाची हकीकत. आपल्या मंडळाचा रविवारचा बालवर्ग आपणांस ठाऊक आहेच. सात वर्षांपूर्वी वर्ग चालविणाऱ्या गृहस्थांची बदली झाली आणि ते काम आम्ही मोठ्या उत्साहाने अंगावर घेतले. मराठी आपली मातृभाषा, बी. ए.ला मराठी हा विषय होता. मग लहान मुलांना बाराखडी शिकवावयास असे काय लागते, हा आमचा समज. पहिल्या रविवारी सतरा मुले होती. आम्ही फळ्यावर ‘अ’ पासून आरंभ केला, पाने भरभरून अक्षरे गिरवून घेतली, आणि मधूनमधून शिवछत्रपतींवर छोटेखानी व्याख्याने दिली. दिवाळीपर्यंत मुले नऊ झाली आणि संक्रांतीला चार उरली. त्या चारांपैकी दोघे आमच्या शेजारचे होते; ते बहुधा भिडेखातर येत असावेत. वर्ग सोडून गेलेल्या एका लहानग्या मुलीने आपल्या आईला सांगितलेले कारण पुढे आमच्या कानी आले. ती म्हणाली होती, “आई, मला मराठी येत नाही हे मला दर रविवारी नव्यानं कळतं.” एवढ्या थोड्या शब्दांत आमचा इतका कडक तपासणी-अहवाल आजवर कोणी लिहिलेला नाही.

त्यानंतर आपल्या सुदैवाने एक सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षिका मुलाकडे राहावयास आल्या. साताऱ्याकडे डी. एड. होऊन त्यांनी खेड्यापाड्यांच्या शाळांतून उभा जन्म शिकविले होते. आपण सारे त्यांना नुसते ‘बाई’ म्हणत असू. पहिल्या रविवारी त्यांनी फळ्याला हातसुद्धा लावला नाही. बाजारातली पिशवी सतरंजीवर ओतली आणि मुलांना नावे विचारली. मुलांनी ‘कत्तरिक्काय’ म्हटले की बाई ‘वांगे’ म्हणत. मुलांनी ‘मुरुंगक्काय’ म्हटले की बाई ‘शेवगा’ म्हणत. तासाभरात भाज्यांची खरेदी-विक्री सुरू झाली, भाव ठरू लागले, भांडणेही मराठीत झाली. मुलांनी लिहिलेले पहिले अक्षर ‘व’ होते, कारण वांगे त्यांना हवे होते.

आम्ही मागे बसून पाहत होतो. मूल काय जाणते तेथपर्यंत बाई आधी चालत जात आणि तेथून त्याला हात धरून पुढे आणीत. आम्ही आपल्या जागी उभे राहून त्याला हाका मारीत होतो. बाईंपाशी एक वही असे. कोणत्या मुलाचे कोणते अक्षर चुकते, कोण ‘ळ’ आणि ‘ल’ यांत घोटाळा करतो, कोणाला मोठ्याने वाचावयाची लाज वाटते, याची रविवारवार नोंद तीत होती. इतकी चोख नोंदवही आमच्या खात्यातही आम्ही क्वचित पाहिली आहे. दोन वर्षांत वर्गात बावीस मुले झाली. गेल्या जून महिन्यात वय झाले म्हणून बाई गावी परत गेल्या. तेव्हापासून वर्ग बंद आहे. मंडळाला पन्नास वर्षे झाली, सभागृहासाठी निधी जमला, स्मरणिकेला जाहिराती मिळाल्या, आणि ज्याकरिता मंडळ काढले ते काम करावयास माणूस नाही, अशी आपली आजची स्थिती आहे.

विषय येणे वेगळे आणि तो शिकविता येणे वेगळे, हे आम्ही अशा रीतीने फी भरून शिकलो. गंमत अशी की हे ज्ञान आपण आज जेथे बसलो आहोत त्याच तामिळ भूमीतून एकदा साऱ्या इंग्लंडात गेले होते. १७८९ साली अँड्र्यू बेल नावाच्या स्कॉटिश पाद्र्याकडे मद्रासमधील सैनिकांच्या अनाथ मुलांच्या शाळेचा कारभार आला. शिक्षक मिळेनात, मिळत ते टिकेनात. तेव्हा बेलसाहेबांनी एका देशी शाळेत मुले वाळूवर बोटाने अक्षरे काढताना पाहिली. आपल्याकडे पंतोजींच्या शाळेतली धूळपाटी तीच ही गोष्ट. त्यांनी ती उचलली, आणि ज्या मुलाला येते त्याने खालच्याला शिकवावे अशी घडी बसविली. १७९७ साली त्यांनी इंग्लंडात यावर पुस्तक प्रसिद्ध केले आणि तेथील शेकडो शाळा ‘मद्रास पद्धती’ने चालू लागल्या. शिकविण्यालाही एक रीत असते आणि ती रीत एकाने दुसऱ्याला देता येते, हा शोध येथल्या ओट्यावरच्या शाळांनी जगाला दिला, असे म्हणावयास हरकत नाही.

त्याच काळात इकडे सरफोजीराजे राज्यावर आले. श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली ते शिकले. सत्ता बहुतेक इंग्रजांच्या हाती गेलेली; परंतु १८३२ साली निधन होईपर्यंत या राजाने आपले बळ विद्येकडे लावले. ‘नवविद्याकलानिधी’ ही शाळा काढली. छत्रांतून, म्हणजे प्रवाशांसाठी बांधलेल्या अन्नछत्रांच्या धर्मशाळांतून, मुलांच्या शिक्षणाची सोय केली. ओरत्तनाडूचे मुक्तांबाळ छत्र त्यासाठी प्रसिद्ध होते. स्वतःचा छापखाना घातला आणि १८०६ च्या सुमारास त्यात ‘बाळबोध मुक्तावळी’ हे इसापाच्या गोष्टींचे मराठी पुस्तक छापले. मुंबईत मराठी मुद्रण अजून बाल्यावस्थेतही नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. राजांच्या नावावर असलेल्या ‘देवेंद्र कुरवंजी’ या मराठी नाटकात तर कुरवंजी, म्हणजे भविष्य सांगणारी भटकी स्त्री, जगाचा भूगोल गाऊन सांगते. रुक्ष विषय मुलांच्या गळी कसा उतरवावा, हे राजांना ठाऊक होते. आमच्या बाईंची वांगी आणि राजांची कुरवंजी ही एकाच जातीची युक्ती आहे.

मग या साऱ्याचे पुढे काय झाले? हिशेबतपासनिसाला एक खोड असते. खर्च झाला की नाही एवढे पाहून तो थांबत नाही; त्यातून उरले काय, हेही विचारतो. १८५५ साली दुसरे शिवाजीराजे वारले, गादी खालसा झाली, छत्रांचा कारभार सरकारकडे गेला, आणि मराठी शिकविणारी ती व्यवस्था उरली नाही. ग्रंथ उरले. मोडीतील कागदांची बाडेच्या बाडे उरली. ती वाचणारे मात्र थोडे. येथील तंजावूरकर बांधवांनी साडेतीनशे वर्षांच्या आसपास घरात मराठी बोलणे जपले, त्याबद्दल त्यांना आम्ही वंदन करतो. तथापि त्यांच्यातल्याच वडीलधाऱ्यांनी सकाळी आम्हांस सांगितले की, बोलता येते, वाचता येत नाही. याचे कारण आम्हांस असे दिसते की बोलणे आजी टिकविते, परंतु वाचणे-लिहिणे टिकवावयास शिक्षक लागतो.

आता याच गावातील दुसरे उदाहरण घ्या. सरफोजींच्याच काळात येथे त्यागराजस्वामी राहत होते. १७६७ चा जन्म, १८४७ साली समाधी. दरबारचे आमंत्रण त्यांनी नाकारल्याची आख्यायिका प्रसिद्ध आहे. त्यांच्यापाशी ना इमारत, ना छापखाना, ना छत्राचे उत्पन्न. परंतु शिष्य होते. वालाजापेटचे वेंकटरमण भागवतर, मानंबुच्चावडीचे वेंकटसुब्बय्यर, उमयाळपुरम आणि तिल्लैस्थानम येथील मंडळी. वेंकटसुब्बय्यरांकडून पट्टणम सुब्रह्मण्य अय्यर शिकले. त्यांच्याकडून रामनाडचे श्रीनिवास अय्यंगार. त्यांच्याकडून अरियाकुडी रामानुज अय्यंगार. दर वर्षी पौष वद्य पंचमीला शेकडो गायक या नदीकाठी बसतात आणि पंचरत्न कृती एका सुरात म्हणतात. त्यांतल्या प्रत्येकाला ती कोणीतरी समोर बसवून शिकविली आहे. त्यागराजांनी शिष्य घडविले, आणि त्या शिष्यांना शिष्य घडविता येत होते. सारी किमया या दुसऱ्या वाक्यात आहे.

मराठीचेही एक उदाहरण याच मुलखात आहे. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात मोरगावकर रामचंद्रबुवा तंजावूरला आले आणि त्यांनी मराठी कीर्तन येथे रुजविले. ते पाहून, शिकून तंजावूरच्या कृष्ण भागवतरांनी तामिळ हरिकथेला नवे रूप दिले. आपली साकी, आपली दिंडी, आपला अभंग आजही तामिळ भागवतरांच्या मुखी ऐकू येतो. जी मराठी विद्या शिष्यांच्या हाती गेली ती परभाषेतही जगली. जी कपाटात राहिली ती आपल्याच भाषेत मुकी झाली.

येथील राजाज् कॉलेजाची कथाही याला धरूनच आहे. मराठा राजघराण्याच्या छत्रांच्या उत्पन्नातून चालणारी ही संस्कृत पाठशाळा. १९२० नंतरच्या दशकात जिल्हा बोर्डाचे अध्यक्ष ए. टी. पन्नीरसेल्वम यांच्या पुढाकाराने तिच्यात तामिळचा ‘विद्वान’ अभ्यासक्रम सुरू झाला. त्यातून शाळाशाळांना तामिळ पंडित मिळू लागले. संस्था शिक्षक पुरवू लागली आणि म्हणून तिला नवे आयुष्य लाभले. मराठी राजांच्या दानाने तामिळचे शिक्षक घडले, याचा आम्हांस अभिमान वाटतो; मराठीचे का घडले नाहीत, याचे उत्तर आपणांसच द्यावे लागेल.

शिक्षकांची उणीव इंग्रज अंमलदारांनाही भासली होती. गव्हर्नर थॉमस मन्रो यांनी मद्रास इलाख्यातील शिक्षणाची पाहणी करविली, तेव्हा इलाख्यात १२,४९८ शाळा भरल्या. एकट्या तंजावूर जिल्ह्यात ८८४ शाळा आणि १०९ पाठशाळा होत्या. शाळांची वाण नव्हती. परंतु १८२६ च्या आपल्या टिपणात मन्रो यांनी दुखण्यावर नेमके बोट ठेवले. शिक्षकाची प्राप्ती महिना सहा-सात रुपयांहून अधिक नाही, आणि तेवढ्यावर लायक माणूस या धंद्याकडे वळणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. जिल्ह्याच्या शाळेतील शिक्षकास १५ आणि तहसिलीच्या शाळेतील शिक्षकास ९ रुपये द्यावे आणि मद्रासेस शिक्षक तयार करणारी मध्यवर्ती शाळा काढावी, अशी त्यांची योजना होती. पुढच्याच वर्षी मन्रो वारले आणि दहा वर्षांत ती योजनाही मोडीत निघाली. १८५६ साली मद्रासेस सरकारी नॉर्मल स्कूल निघाले, ते पुढे सैदापेठच्या टीचर्स कॉलेजच्या रूपाने नावारूपास आले.

महाराष्ट्रातही हीच वाट दिसते. १८४५ साली मुंबईस एल्फिन्स्टन संस्थेत शिक्षक तयार करण्याचा वर्ग निघाला आणि तो बाळशास्त्री जांभेकरांकडे सोपविला गेला. ‘दर्पण’कार म्हणून आपण त्यांचे स्मरण करतो, शिक्षकांचे शिक्षक म्हणून क्वचितच करतो. सावित्रीबाई फुले यांनी अहमदनगरला मिस फॅरार आणि पुण्याला मिसेस मिचेल यांच्याकडे शिकविण्याचे शिक्षण घेतले. त्यांच्या धैर्याचे गुणगान आपण करतो, आणि ते योग्यच आहे; पण त्यांनी आधी शिकविणे शिकून घेतले होते, हे सांगावयास विसरतो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९३५ साली साताऱ्यास ग्रामीण शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज काढले. खेडोपाडी शाळा काढावयाच्या तर आधी मास्तर हवा, हा त्यांचा रोकडा हिशेब. आमच्या बाई त्याच साताऱ्याच्या मातीत तयार झाल्या होत्या.

आता तरुण मंडळींसाठी थोडी व्यवहाराची माहिती. बारावीनंतर दोन वर्षांची प्राथमिक शिक्षणाची पदविका घेता येते, तिला डी. एल. एड. म्हणतात. पदवीनंतर बी. एड. करावयाचे. ते पूर्वी एका वर्षाचे होते, २०१५ पासून दोन वर्षांचे झाले. बारावीनंतर पदवी आणि बी. एड. एकत्र असा चार वर्षांचा अभ्यासक्रमही निघाला आहे, आणि २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाचा रोख त्याच्याकडेच आहे. बी. एड. झाले की कोठेही शिकविता येते, असे समजू नये. प्राथमिक वर्गांसाठी बी. एड. पुरेसे नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये दिला. लहान मुलांना शिकविणे ही स्वतंत्र विद्या आहे, हाच त्याचा आशय. आम्हांस तो बालवर्गात आधीच कळला होता! याखेरीज पात्रता परीक्षा द्यावी लागते. ज्यांना शिक्षकांना शिकवावयाचे आहे त्यांच्यासाठी पुढे एम. एड. आणि पीएच. डी.ची वाट आहे.

वेतनाचे बोलावयाचे तर ते आमच्या खात्याचे काम आहे. सातव्या वेतन आयोगाच्या श्रेणींप्रमाणे केंद्रीय विद्यालयातील प्राथमिक शिक्षकाचे मूळ वेतन ३५,४०० रुपयांपासून, पदवीधर शिक्षकाचे ४४,९०० पासून आणि पदव्युत्तर शिक्षकाचे ४७,६०० पासून सुरू होते. त्याच श्रेणींत कनिष्ठ कारकून १९,९०० वर लागतो. म्हणजे ज्या कारकुनीसाठी आपण मुलांना वर्षानुवर्षे वर्गांना घालतो तिच्याहून ‘मास्तरकी’ बरीच वर आहे. अर्थात सर्वत्र असे नाही. पुष्कळ खासगी शाळांतून शिक्षकाला हातात पडणारी रक्कम पाहिली म्हणजे मन्रोसाहेबांचे टिपण अजून जुने झालेले नाही असे वाटते. हे लपवून कोणाला या पेशात ओढणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

आता घरातला वाद. आमची धाकटी कन्या यंदा गणित घेऊन बी. एस्सी. झाली. तिने बी. एड.ला जाण्याचे मनोगत सांगितले, आणि आजवर व्यासपीठांवरून शिक्षकांची थोरवी गाणारे आम्ही चटकन म्हणालो, “एवढे चांगले गुण मिळाले आहेत, बँकेच्या परीक्षेला बस.” त्यावर ती शांतपणे म्हणाली, “बाबा, बाईंच्या वहीचं कौतुक तुम्ही येईल त्याला सांगता. मग तशी वही मी लिहीन म्हटलं की तुमचा चेहरा का उतरतो?” आम्हांस उत्तर सुचले नाही. आमच्या सौभाग्यवतींनी त्या दिवशी चहाबरोबर काही भाष्य केले नाही, यावरून आमची बाजू किती लंगडी होती ते समजले. शिक्षक चांगला असावा, पण तो दुसऱ्याच्या घरचा असावा, असे आपल्यापैकी बहुतेकांचे मत असते. आमचेही तेच होते, हे आज येथे कबूल करतो. मुलीच्या अर्जावर आम्ही सही केली आहे.

शेवटी मंडळापुढे एक सूचना ठेवून थांबतो. सुवर्णमहोत्सवी निधीतून सभागृह व्हावे, त्यास आमचा विरोध नाही. परंतु त्यातला एक भाग मुदत ठेवीत घालावा आणि त्याच्या व्याजातून दर वर्षी एका विद्यार्थ्यास किंवा विद्यार्थिनीस शिक्षणशास्त्राच्या अभ्यासक्रमासाठी साहाय्य द्यावे. तो आपल्या सभासदांच्या घरचा असो वा येथील तंजावूरकर कुटुंबातला. त्याने पुढे दोन वर्षे आपला बालवर्ग चालवावा आणि जाण्यापूर्वी आणखी एकाला तयार करावे. ही अट लेखी असावी. आम्ही हिशेबतपासनीस आहोत, तोंडी अटी आम्हांस चालत नाहीत. आमच्या मुलीचा या निधीवर हक्क नाही, हेही त्याच कागदावर लिहून घ्यावे. तिने बालवर्ग चालवावयाचे फुकट मान्य केले आहे.

बाईंना आम्ही पत्र घातले होते. त्यांनी ती वही टपालाने पाठवून दिली आहे. ती आज आम्ही बरोबर आणली आहे. शेवटचे पान जूनचे आहे. कोण ‘ळ’ वर अडले आहे, कोणाला जोडाक्षरे द्यावयाची आहेत, सारे लिहिले आहे. पुढची पाने कोरी आहेत. येत्या गुढीपाडव्याला वर्ग पुन्हा उघडावा आणि त्या पानांपासून पुढे चालू करावा, एवढीच आमची विनंती आहे.